हर्षाली कुणाला होय म्हणाली

भुईमुगाच्या शेंगा वाळत टाकायच्या होत्या, म्हणून त्या दिवशी मी डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याकडेच्या आमच्या वावरात गेले. शेंगा पसरल्या आणि लाल फडकं हातात घेऊन बसले. माझी नात हर्षाली विमान चालवायला शिकते. एकटीनं दूरवर विमान न्यायचा तिचा तो पहिलाच दिवस. गुरुजींनी नकाशावर रेघ मारून दिलेली, त्या रेघेवरनंच जायचं. पण बयेनं सकाळीच मला फोन केला, "आजी, चारला जरा वाट वाकडी करून तुझ्या डोक्यावरनं जाईन. फडकं हलव."

शेजारचे गेणभाऊ बांधावरून म्हणाले, "म्हातारे, फडकं बघून थांबायला ती काय यष्टी हाय?"

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या पोराला अजून सायकल येत न्हाई."

हसतोय तोवर भीमाशंकराच्या अंगानं ढग खाली उतरला. पाणी गेलं, डोंगर गेले. गेणभाऊ दहा पावलांवर, तेही दिसेनात. शेवाळाचा ओला वास सुटला. आणि वर घरघर सुरू झाली. आली, गेली, पुन्हा आली. पोर गोल फिरत होती. चौथ्या खेपेला आवाज डोंगराकडं सरकला.

गेणभाऊ चाचपडत जवळ आले. त्यांनीच माझ्या फोनवरनं तिला फोन लावला, स्पीकर मोठा केला.

"आजी… मला काहीच दिसत नाय. नकाशाचा टॅब बंद पडलाय. रेडिओवर कुणी बोलत नाय… डोंगर कुठंय?"

डोंगर तिच्या तोंडासमोर होता. आवाजावरनं मला कळत होतं. सांगायला तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"बोल की गं!" गेणभाऊ म्हणाले. मी नुसती मान हलवत राहिले.

तेवढ्यात फोनमधून हर्षाली म्हणाली, "उजवीकडं वळते… होय."

विमानवाल्यांची ती रीतच आहे. खालून जे सांगतील ते पुन्हा म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. घरीसुद्धा मीठ आण म्हटलं, की ती "मीठ आणते… होय" म्हणते. पण मी तर काहीच सांगितलं नव्हतं.

"वर घेते… होय."

घरघर डोंगराच्या अगदी अंगावरनं वळली.

"चावडीवरनं सरळ… होय. कासारआळी संपली की हळूहळू खाली… होय."

गेणभाऊंनी माझा दंड घट्ट धरला. चावडी आणि कासारआळी आमच्या जुन्या गावातली. ते गाव हर्षाली जन्मायच्या आधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं. मला रडू येतं म्हणून आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

"होय… नक्की," एवढं ती बोलली आणि फोन तुटला.

मग ढग फाटला! धरणाच्या भिंतीवरनं पांढरं विमान लखलखत उन्हात आलं. मी फडकं असं हलवलं, की खांदा आठ दिवस दुखत होता. गेणभाऊ शेंगांवरच नाचले. "आमची पोर! आमची पोर हाय ती!"

तासाभरानं ती सुखरूप उतरल्याचा फोन आला. रात्री गावानं हलगी काढली. रेघ सोडली म्हणून गुरुजींनी तिला महिनाभर जमिनीवर बसवलं, तेही बरंच केलं. पुढं ती पुन्हा एकटी उडाली आणि लायसन घेऊनच घरी आली. साऱ्या गावाला पेढे वाटले.

पेढे वाटले त्या रात्री तिला जवळ घेऊन मी खरं सांगितलं. "पोरी, त्या दिवशी माझ्या तोंडातनं एक शब्द निघाला न्हवता."

ती हसली. "काहीपण! आवाज तुझाच होता. शेवटी तर जेवायला बोलावलंस."

"म्या?"

"व्हय गं. म्हणालीस, वाचलीस बाय, आता एकदा आमच्याकडं जेवायला ये. आमी पान वाढून ठिवतो."