मागच्या सीटवरचा वाद

तो मोबाइल बाजूला ठेवा आधी. मघापासून ऐकतोय मी, कुठला भुताचा पिक्चर भारी आणि कुठला फालतू. भांडा, तुमचं वयच आहे. पण ह्याच वादापायी आपल्या बी विंगमधल्या राजरत्नवर काय गुदरलं, ते ऐका आणि मग काय ठरवायचं ते ठरवा. इकडून तिकडून ऐकलेलं नाही हे. त्याने माझ्यासमोर बसून सांगितलंय, आणि शेवटचं तर मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीच्या आधीचा शनिवार. त्या आठवड्यात टिटवाळ्याला थंडी अशी पडलेली की वॉचमनने गेटवर शेकोटी पेटवलेली. राजरत्नच्या आईचा, केशरबाईंचा चष्मा कल्याणच्या दुकानात तयार होऊन पडला होता. तो आणायला हा संध्याकाळी मोटारसायकल घेऊन निघाला. गेटवर बॉस्को भेटला. सेसिलियाबाईंचा धाकटा. मूळची वसईकडची माणसं, पण इथे येऊन जमाना झाला. राजरत्न आणि बॉस्को शाळेपासून एका बाकावरचे.

"चष्मा घेऊ आणि नऊचा पिक्चर टाकू," बॉस्को म्हणाला आणि मागे बसला.

आता दोघांची घरं कशी, ते सांगतो. राजरत्नचं घर बौद्ध. आत्मा, भूत, पिशाच्च, काही मानत नाहीत. पण ह्या पठ्ठ्याला भुताच्या पिक्चरचा भारी नाद. म्हणायचा, मानत नाही म्हणून तर मजा येते. बॉस्कोच्या घरी दर नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतात, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात. त्याच्यासाठी ती मजा नव्हती. त्याचा मोठा भाऊ फ्रँकलिन काविळीने गेला, त्याला तेव्हा तीन वर्षं झालेली. सेसिलियाबाई त्यानंतर माणसांतून उठल्यासारख्याच झाल्या होत्या.

आदल्या आठवड्यात दोघांनी एक पिक्चर बघितला होता. त्यात मेलेला मुलगा रोज तिन्हीसांजेला घरी येतो, आणि आई त्याला जेवू घालते. बॉस्कोला तो इतका आवडला की दुसऱ्या दिवशी आईला घेऊन परत गेला. आणि त्या शनिवारी बघितला तो दुसरा. त्यात भूत दिसतच नाही. नुसतं दार वाजतं, आणि जो उघडायला जातो तो परत येत नाही. राजरत्न त्याच्यावर फिदा.

पिक्चर सुटला तेव्हा बारा वाजत आले होते. गाडीवर बसल्या बसल्या जुंपली.

"दोन तास दार वाजतंय," बॉस्को मागून म्हणाला. "भूत कुठंय? ह्याला काय पिक्चर म्हणतात?"

"दाखवलं नाही म्हणून तर फाटते ना! तुझ्या त्या पिक्चरमध्ये भूत मांडी घालून भात खातंय. भूत आहे का पाहुणा?"

"त्यात माणसं होती, राजा. मेलेल्याला घर आठवतं, हे तुला नाय कळणार."

"रडका पिक्चर. बायकांची सिरियल."

शहाड गेलं. मोहने गेलं. वस्ती संपली आणि बंद पडलेल्या कंपनीची ती लांबच लांब भिंत लागली. दिवसा जाता ना तुम्ही तिथून? रात्री एक दिवा नसतो. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला झाडी.

"सिरियल म्हणू नको," बॉस्कोचा आवाज बदलला होता. "मम्मीने तो पिक्चर बघितला आणि त्या रात्री पोटभर जेवली. इतक्या दिवसांनी."

इथे गप्प बसायचं असतं. कुणालाही कळेल. पण वादात माणसाला जिंकायचं असतं रे, दुसरं काही सुचत नाही.

"मग?" राजरत्न म्हणाला. "येतो का फ्रँकलिन जेवायला?"

मग पाठीत असा बुक्का बसला की गाडी डुगडुगली. राजरत्नने करकचून ब्रेक मारला.

"उतर."

"काय?"

"उतर म्हटलं ना! चालत ये. आणि तो भेटला वाटेत, तर त्यालाही घेऊन ये."

बॉस्को उतरला. राजरत्नने गाडी दामटली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

डोकं तापलेलं. कानात वारा. जीभ अजून वळवळतच होती.

"आणि शेवट तर काय," मागून आवाज आला. "दार उघडल्यावर काहीच नाही."

"तेच तर!" राजरत्न तावातावाने म्हणाला. "काहीतरी दिसलं असतं तर भीतीच गेली असती."

"हं."

"तुझ्या त्या भात खाणाऱ्याला कोण घाबरणार?"

"दोन्ही खोटे."

"दोन्ही कसे खोटे? एक तर कुठला तरी—"

आणि मग राजरत्नचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

बॉस्कोला तर... उतरवलं होतं.

त्याने हँडल घट्ट धरलं. आरशात बघायची हिंमत होईना. गाडी मागून बसली होती. शॉकप दबलेला. खड्ड्यातून गेली की मागचं वजन उचललं जायचं आणि परत धपकन बसायचं. हे वजन बॉस्कोचं नव्हतं. बॉस्को काटकुळा.

भिंत संपतच नव्हती.

"फ्रँ... फ्रँकलिन?" त्याने विचारलं.

"तो कशाला येईल?"

आवाज आता बॉस्कोसारखाही राहिला नव्हता. कुणासारखाच नव्हता. कानाच्या अगदी जवळ होता, आणि थंडीच्या दिवसांत बोलणाऱ्याच्या तोंडाची वाफ लागते ना मानेला... ती लागत नव्हती.

"मग तू..."

"जागा रिकामी झाली. बसलो."

...

त्यानंतर तो आवाज काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं राजरत्न मला म्हणाला. नुसतं बसून होतं. हळूहळू त्याच्या पाठीला टेकत होतं.

एवढंच त्याला सुचलं, की ही जागा बॉस्कोची आहे. बॉस्को बसला की ह्याला उठावं लागेल. त्याने गाडी वळवली. वळताना वजन बाजूला झुकलं, सराईत माणूस झुकतो तसं.

हेडलाइटमध्ये बॉस्को दिसला. भिंतीच्या कडेने चालत येत होता. राजरत्नने त्याच्यापुढे गाडी थांबवली.

"बस... बॉस्को, बस ना रे. चुकलं माझं."

बॉस्कोने आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे. त्याचा चेहरा आधी रागाने फुललेला होता. त्यावरचा राग गेला. सगळंच गेलं.

"जागा कुठंय?" तो म्हणाला.

राजरत्न रडायला लागला.

"खाली उतर," बॉस्को हळूच म्हणाला. "चावी राहू दे. माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. मागे नाय."

राजरत्न उतरला. गाडी स्टँडला लावली नव्हती, तरी पडली नाही. सरळ उभी. इंजिन चालू.

बॉस्कोने त्याचं मनगट पकडलं आणि ओढतच चालायला लागला. ओठांत प्रार्थना पुटपुटत होता. मागे गाडीचा आवाज येत राहिला. भक् भक् भक्... एका जागी.

मग बंद झाला.

कुणीतरी चावी फिरवून बंद करतं, तसा.

दोघांनी मागे बघितलं नाही. टिटवाळ्यापर्यंत चालत आले. वाटेत राजरत्न दोनदा म्हणाला, "सॉरी, बॉस्को." बॉस्कोने मनगट धरून नुसतं पुढे ओढलं. गेटवर शेकोटी विझत आली होती. तिच्या उजेडात त्याने राजरत्नचं मनगट सोडलं.

"आईसमोर माझ्या भावाचं नाव घेऊ नको कधी," एवढंच म्हणाला आणि वर गेला. त्याने काय बघितलं, ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आणि राजरत्नशी तो आजही बोलत नाही. जीव वाचवला, पण दोस्ती ठेवली नाही. त्याचं बरोबर आहे, असं राजरत्नच म्हणतो.

उजाडता उजाडता राजरत्नने माझी बेल वाजवली. पोरगा पांढराफटक पडलेला. "काका, गाडी आणायला येता?" म्हणाला. काय झालं, ते रिक्षात सांगितलं. मला काय, अर्धं खरं वाटलं, अर्धं नाही.

गाडी होती तिथेच होती. चावी तशीच. साइड स्टँडवर लावलेली. रात्री दंव असं पडलेलं की भिंतीवरून पाणी ओघळत होतं. गाडीची टाकी ओली, आरसे ओले, हँडल ओलं. पुढच्या सीटवर तर पाण्याचं तळं.

मागची सीट तेवढी कोरडी होती.

मी हात लावून बघितला.

गरम होती.