चॅसीतला अनोळखी आवाज

सुदाम वाघचौरे अंगणात ट्रकखाली पाठीवर पडून पाना फिरवत होता. त्याची बायको कमल बाहेरून पाटे धरून बसली होती. पाटे म्हणजे ओझ्याचे हादरे झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. तीन आठवड्यांत दोघांनी त्या दुसऱ्यांदा उतरवल्या होत्या.

"चॅसीत नवा तडा. जागा सापडत नाही," चॅसीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, चिकटवलेली चकती पुन्हा बोलली.

"मेलीला जागा सापडत नाही, तर ओरडते कशाला?" कमल वैतागली. सुदाम पाना फिरवत राहिला.

त्या चकतीचं नाव 'कानोसा'. धातू थकला की त्यात केसाहून बारीक तडे जाऊ लागतात, आणि प्रत्येक तड्याबरोबर माणसाच्या कानाला न कळणारा आवाज होतो. कानोसा तो टिपायचा आणि लोखंडाचं आयुष्य किती उरलं ते सांगायचा. जुन्या गाड्यांना तो आता सक्तीचा होता. तडा महिनाभरात दुरुस्त झाला नाही, तर परवाना आपोआप बंद पडे.

महामार्गावर बिनचालकाचे ट्रक धावत होते, पण डोंगरावरच्या वाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला ते येत नसत. तिथल्या जनावरांचा चारा सुदामचा सव्वीस वर्षांचा ट्रकच नेई. म्हणून तो एकेक भाग बदलत होता. पाटे बदलले, आडवे दांडे बदलले, सगळे बोल्ट नवे घातले. आवाज काही जाईना.

महिना भरायला चार दिवस उरले, तेव्हा कमलनं तपासणी केंद्रात फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली तपासनीस रुक्साना अत्तार आली. तिनं चॅसीवर आणखी तीन चकत्या लावल्या आणि म्हणाली, "काका, नेहमीचं काम करा. मी ऐकते."

सुदाम खाली सरकला, खांदा चॅसीला टेकवून त्यानं जोर लावला. चकती लगेच बोलली.

"आता बाहेर या."

तो बाहेर आला. रुक्सानानं स्वतः खाली जाऊन तसाच जोर लावला. चकती गप्प राहिली. तिनं सुदामला पुन्हा आत पाठवलं, आणि आवाज परत आला. तिनं हे पाच वेळा केलं. मग हातातला, चकत्यांच्या नोंदी दाखवणारा पडदा मिटून ती पायरीवर बसली.

"काका, गाडी ठणठणीत आहे. अजून सहा वर्षं चालेल. हा आवाज तुमच्या हाडांचा आहे. तुम्ही खांदा टेकवता, तेव्हा तो लोखंडातून चकतीपर्यंत जातो."

"हाडं मोडतायत यांची?" कमलनं विचारलं.

"आत बारीक तडे जातायत, काकू. कमरेत आणि खांद्यात. डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका." तिनं गाडीच्या नोंदीतून तो आवाज पुसला. "परवाना सुरू राहील. माणसाचं काही लिहायला यात जागाच नाही."

सुदामनं सुस्कारा सोडला. "गाडी सुटली ना? मग झालं."

"काय झालं?" कमलचा आवाज चढला. "रुक्साना, लोखंडाची वर्षं सांगतं ना हे यंत्र? मग यांची सांगेल का?"

रुक्साना घुटमळली. "अंदाज सांगेल. अशी किती मेहनत हाडांना सोसवेल, एवढाच. पण असं कुणी अजून विचारलेलं नाही."

कमलनं हात पुसले आणि ती सुदामशेजारी येऊन उभी राहिली. "पाटे मीही उचललेत. विचारायचंच तर दोघांचं विचारा."

रुक्सानानं चकती सोडवली आणि सुदामपुढे धरली. त्यानं हात पुढे केला नाही. वाड्यांवर न्यायचा चारा अंगणात तसाच रचून ठेवलेला होता. त्याच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "आणि एकदा कळलं, तर उद्या मला गाडीखाली शिरवेल का गं?"