न झालेलं मावंदं

"विषच आहे! दुसरं काय असणार?" डॉक्टर देवीदास भर ओसरीवर चारचौघांत बोलून गेले. हा ठामपणा त्यांना चांगलाच भोवणार होता.

आत अमरावतीच्या भगवंतराव वकिलांच्या पत्नी मनकर्णाबाई धापा टाकत पडल्या होत्या. पाय सुजलेले, हृदय थकलेलं, औषधांचा गुण शून्य. स्वयंपाक सून रमाचा, म्हणून संशयही तिच्यावर. संध्याकाळी तिला पोलिसांच्या हवाली करायचं ठरलं होतं. डॉक्टरांचे मित्र, खाजगी गुप्तहेर उद्धवराव, दुपारी येऊन पोचले.

सुजेमुळे बाईंचे सगळे दागिने उतरवले होते. गळ्याशी घट्ट ठुशी तेवढी होती.

डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला. थोड्या वेळानं बाईंची बोटं घास धरल्यासारखी वळली. "बघा, विषाचा झटका!"

"पट्टा सोडा," उद्धवराव म्हणाले. बोटं हळूहळू सुटली.

रमा रडून रडून थकली होती. "सासूबाई काशीहून आल्या तवापासून ओठाले मुंग्या येतात मनतात. आवाजही तवाच बसला. मी मावंद्याचं पुसलं, तं मलेच रागावल्या."

मुलगी चारुशीला फणकारली, "माझं लगन अकोल्याले जमून राहिलं, ते वहिनीले पाहवत नाही!"

"मावंदं का नाही केलं?" उद्धवरावांनी वकिलांना विचारलं.

"राहून गेलं," वकील खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

उद्धवरावांनी सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं.

"काशी करून आलेलं घर गंगेचा गडू पुजतं, गाव जेवू घालतं. या घरात ते राहून जाईल? बाई काशीला गेल्याच नाहीत. लोकांशी खोटं बोलल्या, पण देवापुढं खोटा गडू मांडणं त्यांना जमलं नाही. श्वास कोंडतोय, तरी ठुशी निघत नाही. आवाज बसलेला. मनकर्णाबाई, गळा दाखवा."

ठुशीखाली आडवा व्रण होता.

वकिलांची मान खाली गेली. "मुंबईले हिचा गलगंड कापला. कळलं असतं तं घराण्यातला रोग मनून पोरीचं लगन मोडलं असतं. लाज वाटली, साहेब."

"आणि डॉक्टर, पट्टा आवळला की बोटं वळतात, सोडला की सुटतात. विष पट्ट्याचं ऐकतं का?"

देवीदासांचा चेहरा उतरला. "गलगंडाला चिकटून बारीक ग्रंथी असतात. कापताना त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. बोटं वळतात, मुंग्या येतात. आणि हृदयाला आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं."  रीत म्हणून त्यांनी दर वेळी नवऱ्यालाच विचारलं होतं, बाईंना एकदाही नाही. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

कॅल्शियमची सुई शिरेतून सावकाश दिली. पुढंही औषध चालू राहिलं. दिवसागणिक सूज ओसरली, धाप थांबली, हृदय सावरलं. बाई उठून बसल्या.

मग डॉक्टर चुलीपाशी गेले आणि रमाला हळूच म्हणाले, "चुकलो, बाई. माफ करा."

रमानं भाकरी उलटली. "विष मनले तवा सगळी ओसरी आयकून राहिली होती, डॉक्टरसाहेब. आता एवढ्या हळू काहून?"

ओसरीवर वकिलांचे पक्षकार दाटीनं बसले होते.  डॉक्टर बाहेर आले, मधोमध उभे राहिले आणि त्यांनी खाकरून घसा मोकळा केला.