रंग जुळत नाय

"तुमची जोडी परत आली, मॅडम. रंग जुळत नाय म्हणतात."

फोनवरचा आवाज अनोळखी होता, आणि मी दमले होते. आदल्याच दिवशी मुरबाडचे पाहुणे मला बघून गेले होते. निरोप येणारच होता. पण तो असा, माझ्या सावळ्या रंगावर बोट ठेवून...

"नाय जुळत तर राहू दे," मी म्हटलं. "त्यांना सांगा, मला पण मुलगा आवडला नव्हता. सारखे चहा-पोहे करून आमी पण कंटाळलोय."

पलीकडून अगदी हळू — "मॅडम, मी शहापूरच्या कुरिअरमधून प्रज्वल बोलतोय. तुमच्या लोकरीच्या दोन लडी परत आल्यात."

मी फोन ठेवला आणि चुलीपुढे एकटीच लाजेने मेले.

किन्हवलीला घरामागे मी लोकर रंगवते, पायमोजे विणणाऱ्या बायकांसाठी. एका जोडीला दोन लडी, आणि त्या एकाच टोपात उकळायच्या. ही जोडी रंगवली त्या दिवशी टोप लहान पडला म्हणून दुसरी लड मी लोखंडी कढईत टाकली. रंगासाठी उकळतो त्या ऐनाच्या झाडाच्या सालीला लोखंड लागलं की रंग काळपट होतो, हे माहीत असूनही. दमलं की माणूस असंच काहीतरी करून बसतं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी शहापूरला गेले. काउंटरमागे दाट भुवयांचा एक उंच मुलगा. माझ्याकडे न बघता त्याने लडी पुढे सरकवल्या. ओठ घट्ट मिटलेले.

"हसा, हसा," मी म्हटलं.

"हसत नाय ओ. पोहे कसे झालेले, तेवढं सांगा."

मग मलाच हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर दर आठवड्याला पार्सल घेऊन मी जायची. खोका तोच बांधून द्यायचा, हळूहळू, जणू गाठ बसतच नव्हती. मीही घाई करायची नाही. तो मला आवडायला लागला होता, उगाच कशाला लपवू?

आणि मुरबाडचा होकार आला. अट एकच — हे रंगवणं बंद. सुनेचे हात असे डागाळलेले बरे दिसत नाहीत. घरात सगळे खूश. मला तर नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

"हे शेवटचं पार्सल," मी प्रज्वलला सांगितलं. अटही सांगितली.

चिकटपट्टी लावता लावता तो थांबला. "तुमी हो म्हणालात?"

"अजून काय बोलले नाय. लय दमलेय ओ."

"मग बसा जरा." त्याने आपलं स्टूल पुढे केलं. "पण दमलात म्हणून हो नका म्हणू..."

मी बसले. घरी इतकी बोलणी झाली, पण मला बस असं कोणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. तिथूनच बाबांना फोन लावला.

"बाबा, मुरबाडला नाय म्हणून कळवा. मला काम नाय सोडायचं."

बाबा म्हणाले, "दुसरा कोण हाय का गो?"

प्रज्वल खाली वाकून कात्री शोधत होता. कात्री त्याच्या हातातच होती.

"हाय," मी म्हटलं. "पण त्याला अजून विचारलं नाय."

तो सरळ उभा राहिला. कान लालबुंद.

"आधी फोन ठेवा," तो म्हणाला. "मग विचारा."