ड्रॉवरमधला पिस्टन

मे महिन्यातली दुपार, दोन वाजलेले. होटगी रोडवर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि हा माणूस इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात एक जुनीपुराणी मोटरसायकल ढकलत आमच्या गॅरेजपुढं येऊन थांबला. घामानं नुसता निथळत होता... पण भांग मात्र जागच्या जागी!

"मिस्त्री आहेत का?"

"आहेत की. समोरच उभ्या हायत."

त्यानं माझ्या मागं बघितलं, बाजूला बघितलं, मग माझ्या काळ्याकुट्ट हातांकडं बघितलं. या नजरेची मला सवय आहे. अप्पांच्या गुडघ्यांनी संप केला त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून प्रभु मिस्त्रींचं गॅरेज त्यांची मुलगी वैजयंती, म्हणजे मी चालवते. पण हा हसला. कुचेष्टेनं नाही, सुटकेनं.

"बरं झालं! मोहोळहून चांगली पळत होती हो. मधेच कचकन थांबली. आता किकच खाली जात न्हाय."

मी पाय दिला. किक दगडासारखी. प्लग काढला, पांढराफटक. टाकीत नाक घातलं आणि डोक्यात उजेड पडला.

"ऑइल कुटं घातलं?"

"गिअरबॉक्समध्ये. काठोकाठ."

"आणि पेट्रोलमध्ये?"

"पेट्रोलमध्ये?" त्यानं डोळे मोठे केले. "भेसळ करू होय?"

देवा सिद्धेश्वरा! त्याच्या खिशाला लाल पेन दिसलं. "शाळेत शिकवता का?"

"व्हय. गणित. सिद्धलिंग नाव माझं."

"तर ऐका, सर. ही टू-स्ट्रोक. हिला पेट्रोलातूनच ऑइल पाजावं लागतं. तुमी कोरडीच पळवली. पिस्टन तापला, फुगला आणि सिलिंडरला चिकटून बसला."

"मेली?"

"न्हाय. पण तुमी प्रयत्न चांगला केलात."

हेड उघडलं, सिलिंडर ओढून काढला. मांजरानं बोचकारल्यागत पिस्टनवर उभे ओरखडे होते. सिलिंडर लेथवर बोअर करायचा, म्हणजे आतून जरा मोठा कापायचा, एक नंबर मोठा पिस्टन मागवायचा. "आठ दिवस," मी म्हणाले. सोलापुरात माझं नाव आहे ते एवढ्याचसाठी. वैजयंती मिस्त्री 'उद्या या' म्हणत नाही.

शाळेला सुट्टी, त्यामुळं स्वारी रोज हजर. येताना आज्जीची शेंगापोळी आणायची आणि माझ्यासाठी बॅटरी धरायची. तीही वाकडी!

"उजेड नटवर पाडा की. माझ्या तोंडावर काय शोधताय?"

"ग्रीस लागलंय."

"कुटं?"

"राहू द्या... छान दिसतंय."

झालं! त्या दिवशी मी एकच नट तीनदा उलटा फिरवला. मला माझीच लाज वाटली.

आणि मग एकदा, पोळीचा डबा उघडता उघडता त्यानं सहज सांगितलं, "आमच्या घरची रीत हाय. मुलगी बघायला ह्याच गाडीवर जायचं. आज्जा हिच्यावरच गेला अक्कम्माआज्जीला बघायला, नंतर बाबा. आता रविवारी मला अक्कलकोटला धाडतायत."

माझ्या हातातला पाना सुटला. माझ्याच पायावर पडला.

दुसऱ्या दिवशी पिस्टन आला. मी तो फडक्यात गुंडाळला आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पार तळाला सारला. सिद्धलिंग आला तेव्हा तोंड फिरवून म्हणाले, "आला न्हाय अजून. उद्या या."

मी म्हणाले हे! मी! तो रविवार गेला, पुढचाही गेला. "बरं," म्हणून तो पोळी ठेवून जायचा. ती माझ्या घशाखाली उतरायची नाही. म्हणजे उतरायची, पण लई अपराधी वाटायचं. गाडी सुरू झाली की हा अक्कलकोटला जाणार आणि परत इकडं येणार नाही, एवढं एकच डोक्यात.

शुक्रवारी अप्पांनी तंबाखूच्या डबीसाठी ड्रॉवर उपसला. पिस्टन हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

"पोरी, माणूस आवडला तर त्याला सांग," ते म्हणाले. "गाडीनं काय घोडं मारलंय तुझं?"

शनिवारी मी इंजिन जोडलं. पिस्टनची एकही रिंग घाईत बसवली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते पेट्रोलच्या नावावर खपवलं. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली.

"पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाय," मी चावी दिली. "आणि... मुलगी चांगली असेल."

"लई चांगली हाय," तो निर्लज्ज म्हणाला आणि गेला.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. रविवारी सकाळी गॅरेज उघडून उगाच पाने पुसत बसले होते, तर लांबून आवाज आला. माझंच इंजिन! पुढं सिद्धलिंग, मागं धोतर सावरत बसलेला त्याचा आज्जा.

"काय बिघडलं?"

"काय न्हाय. मुलगी बघायला आलोय."

"अक्कलकोट सोडून?"

"तितं दहा दिवसांपूर्वीच नको म्हणून कळवलं. तुमी मला चौदाचा पाना आणायला ड्रॉवरकडं धाडलं होतं ना... त्या दिवशी. तळातलं फडकं हाताला लागलं."

माझे कान तापले. "पिस्टन बघितला? आणि एका शब्दानं बोलला न्हाय?"

"तुमी 'उद्या या' म्हणायचा, मी यायचो. माझं काय वाईट चाललं होतं?"

आज्जा काठी टेकत पुढं आला. मी हात पुसायला फडकं उचललं, ते नेमकं ग्रीसचं निघालं.

"पोरी, एकच प्रश्न. लिटरला ऑइल किती?"

"चाळीस मिली. पण आता बोअर नवा हाय... पन्नास घाला."

"यप्पा!" आज्जा नातवाकडं वळला. "पसंत!"

"थांबा," मी म्हणाले. "मुलालाही प्रश्न असतो. पेट्रोलमध्ये ऑइल म्हणजे भेसळ का हो, सर?"

गाडीच्या बाजूच्या डबीतून सिद्धलिंगनं ऑइलची बाटली काढून माझ्यापुढं धरली. बाटलीवर लाल पेनानं वरपासून खालपर्यंत पन्नास-पन्नासच्या रेघा ओढल्या होत्या, पट्टी लावून.

"पसंत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण आत तो नीट पोचला असावा. कारण चार वर्षं गुडघे धरून बसलेले माझे अप्पा उठून पोह्यांसाठी कांदा चिरायला पळाले.