वरंब्यांतले बटाटे

गिलगन कुलमंडळाला पन्नास वर्षं झाली, त्या जेवणाचा स्वयंपाक डेर्व्हलाकडे होता. आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या त्या एवढ्याशा गावात दुसरं होतं तरी कोण! बॉस्टनहून, सिडनीहून गिलगन आडनावाची माणसं आली होती. सभागृहामागच्या स्वयंपाकघरात डेर्व्हला सकाळपासून खारवलेलं मांस आणि कोबी शिजवत होती. बटाटे तेवढे अध्यक्ष आणणार होते. अध्यक्ष म्हणजे तिचा चुलतभाऊ फर्गल. हौस दांडगी, अक्कल तोकडी.

तो दोन पोती घेऊन आला. "ओळख पाहू, कुठले?"

"बाजारातले. दुसरे कुठले?"

"हट्! टेकडीवरच्या वरंब्यांतले. पूर्वजांच्या हातचे वरंबे! वसंतात गुपचूप लावले होते मी."

डेर्व्हलाच्या हातातली सुरी थांबली. ते वरंबे अजून गवताखाली बरगड्यांसारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तिथला बटाटा जागच्या जागी सडला, आणि लावणारे अन्नान्न करत मेले. पीक काढायला कुणी उरलंच नाही. तेव्हापासून गावातल्या कुणी तिथे फावडं लावलं नव्हतं.

खिडकीशी तिचे वडील बसले होते, म्हातारे कॉलम. ते हळूच म्हणाले, "ते त्यांचं पीक आहे रे फर्गल. परत ठेवून ये."

"काका, तुमचं आपलं काहीतरीच! कुळात सगळ्यांत वडील तुम्ही. पहिला घास तुमचाच, सगळ्यांसमोर."

पाण्याला उकळी फुटली आणि वास सुटला. आधी ओल्या मातीचा वाटला. मग गोडूस, चिकट, कोनाड्यात उंदीर मरून पडावा तसा. डेर्व्हलानं एक बटाटा फोडला. आतून पांढराशुभ्र, भुसभुशीत. पण बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं आणि साबणानं तीनदा धुऊनही जाईना. शी!

"फर्गल, वास येत नाही तुला?"

"येतोय की, लोण्याचा!"

ती पातेलं उचलून बाहेर ओतायला निघाली, तर त्यानं ते हातातून काढून घेतलं आणि थेट सभागृहात नेलं. टाळ्या पडल्या. वडिलांना आधीच तिथे मानाच्या खुर्चीत नेऊन बसवलं होतं; ती धावत त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, तोंडाला लावू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"मलाही वास येतोय गं..." ते पुटपुटले. "पण एवढ्या लांबून आलीत माणसं. त्यांचा विरस कसा करायचा? एकच घास..."

आणि डोळे मिटून त्यांनी तो गिळला.

मग सगळेच जेवू लागले. आधी काट्यांनी, मग हातांनी, सालींसकट. बोलणं बंद पडलं. नुसता मचमच आवाज. हनुवट्यांवरून काळपट लाळ गळत होती आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. मोत्यांची माळ घातलेली बॉस्टनची एक बाई पातेल्यात डोकं घालून तळ चाटत होती, आणि फर्गल तिला ढकलून स्वतः घुसत होता. डेर्व्हला कशीबशी मागच्या दारापर्यंत पोचली आणि भडाभडा ओकली.

वडिलांना हाताला धरून तिनं घरी आणलं. दार लावलं, खिडक्या लावल्या, ओटची पेज करून दिली. त्यांनी ती संपवली. दुसरी वाटी संपवली. मग पाव, मग डब्यातले कच्चे ओट, मुठीमुठीनं.

"बाबा, पुरे आता... हात पुसू द्या."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. गुडघ्यांपायी कित्येक वर्षांत ते टेकडी चढले नव्हते. पण दहाही नखांत काळी, ओली माती खोलवर रुतली होती. तिला तोच वास आला.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे लहान मुलासारखं पाहिलं.

"अजून आहे का गं?" ते म्हणाले. "आम्ही सगळे उपाशीच आहोत..."