ब्रदर म्हणू नका

मी तावातावानं हॉस्पिटलच्या खोलीबाहेर निघाले आणि आत येणाऱ्या मेल नर्सवर आदळले. त्याच्या हातातला ओला, गरम टॉवेल माझ्या खांद्याला लागला.

"मला सीनियर माणूस हवाय. बाजूला व्हा."

"तोच आलाय," तो म्हणाला. "तुम्ही दार सोडलंत तर आतही येईल."

मी ओशाळले, पण राग उतरला नाही. सलाइन लावलेला आईचा हात सुजला होता. दुसऱ्या जागी दोनदा टोचून झालं, दोन्ही वेळा शीर निसटली. चारचं औषध जायलाच हवं होतं. नाहीतर मानेतून नळी घालू, असं डॉक्टर बजावून गेले होते. आणि तापानं फणफणलेल्या आईनं हात पांघरुणात घेतला होता. "माझी चाळण केलीत. आता घरी चला." मी मनातून पार घाबरले होते.

त्यानं काडीची घाई केली नाही. आईचा न सुजलेला हात टॉवेलात गुंडाळला, पलंगाखाली लोंबता सोडला आणि खुशाल स्टूल ओढून बसला.

"ब्रदर, साडेतीन वाजलेत."

"गार हातातल्या शिरा दडून बसतात. जरा ऊब मिळू दे." मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, मी दोनदाच टोचणार. दोन्ही वेळा चुकलं तर तिसऱ्यांदा हात लावणार नाही. शब्द देतो."

आईनं त्याला नीट न्याहाळलं आणि हात पुढे केला. तो डोळे मिटून बोटाच्या टोकानं शीर चाचपू लागला.

"न बघताच?" मी विचारलं.

"बघून फसायला होतं. बोटाला बरोबर कळतं." आणि हळूच, "तुम्ही श्वास घ्या आधी. दोन पेशंट मला झेपायचे नाहीत."

पहिली सुई गेली... रक्त आलं नाही. आई कण्हली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ब्रदर—"

"एक विनंती आहे," तो वर न बघताच म्हणाला. "दुसरं काहीही म्हणा. ब्रदर म्हणू नका."

"का? सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचं चालतं."

माझे कान गरम झाले. एवढ्यात त्यानं मनगटाच्या वरची जागा निवडली. मी आईचा खांदा इतका आवळला की तीच म्हणाली, "सोड गं." सुई टेकली... सरकली... थांबली. आणि मागच्या पारदर्शक टोकात लाल थेंब चढला.

औषध सुरू झालं तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती.

"उद्यापासून माझी ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर," ट्रे उचलत तो म्हणाला. माझ्याकडे न बघताच निघूनही गेला.

मला रडू फुटलं. आईसाठी तर होतंच, पण तो मला आवडला होता, त्याचंही होतं.

"जा की," आई म्हणाली. "आता माझं काय अडलंय?"

मी दाराशी धावले. काउंटरपाशी तिघे ब्रदर पाठमोरे उभे, तिघांचे गणवेश सारखे. नाव ठाऊक नाही, आणि ती हाक तर मारायची नव्हती. तोंडातून निघून गेलं...

"अहो..."

मी जीभ चावली. आत आई खुदकन हसली. तिघांतला एकच वळला.

"ओ," तो म्हणाला, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखा.